वायफाय दुरुस्त करायला आला आणि राउटरच घेऊन गेला

अमळनेरच्या आमच्या घरात कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसण्याआधी रंगरंगोटी होते, भांडीकुंडी निघतात, सगळं सामान इकडचं तिकडे होतं. यंदाही झालं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, सोमवारी विसर्जन, म्हणून पुण्या-नाशिकची मंडळी शुक्रवारीच उतरली. दोन पुतण्यांना सोमवारची सुट्टी मिळाली नव्हती, ते घरूनच लॅपटॉप उघडून बसणार होते. आणि शुक्रवारी रात्री मधल्या खोलीत साधा व्हिडिओ चालेना.

कंपनीच्या अॅपवर तक्रार टाकली, तर '४८ तासांत' असं उत्तर आलं. मला तेवढा धीर कुठला! कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलेला एक नंबर होता, 'वायफाय स्लो? घरी येऊन दुरुस्ती'. लावला. शनिवारी सकाळी दहाला माणूस दारात हजर. कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, पाठीवर सॅक, बोलायला गोड. ओळखपत्र मी मागितलं नाही. 'भाऊ, चहा राहू द्या, आधी काम,' म्हणाला, तिथेच मी गार पडलो.

त्याने माझ्याच फोनवर मधल्या खोलीत स्पीड टेस्ट लावली. नेटचा वेग ७ एमबीपीएस. मग राउटर हातात घेऊन उलटा केला, खालचं स्टिकर वाचलं आणि मान हलवली. 'हे मॉडेल बंद झालं भाऊ. याला वरून अपडेट येत नाही. कंपनी बदलून देईल, पण महिना लावेल. माझ्याकडे नवा आहे, जुना जमा करून २,२०० मध्ये बसवतो.' वर भिंतीत खोचायचा एक 'बूस्टर', ८०० रुपये. बिलावरचा युजर आयडी नि पासवर्ड मागून घेतला, दहा मिनिटांत राउटर बसवला, बूस्टरचा निळा दिवा लागला. मग स्वतःच्या फोनवर टेस्ट करून दाखवली. २१२ एमबीपीएस! मी घरातल्या सगळ्यांना बोलावून तो आकडा दाखवला.

आमचा प्लॅन १०० चा आहे.

हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. शंभराच्या लाइनीतून दोनशे बारा येणार कुठून? त्याच्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायचा पंखा नव्हताच, '५जी' अशी अक्षरं होती. तो मोबाइलच्या नेटचा स्पीड दाखवत होता. मी बघत होतो, तरी मला दिसलं नाही. पैसे यूपीआयने घेतले, खातं कुठल्याशा बाईच्या नावावर. बिल मागितलं तर म्हणाला, व्हॉट्सअॅपवर टाकतो.

सोमवारी सकाळी पुतण्याची मीटिंग दर दोन मिनिटांनी अडकायला लागली. वैतागून त्याने लॅपटॉपला वायर लावली, थेट राउटरमधून. ९४ एमबीपीएस. 'काका, लाइन एकदम बरोबर आहे, घोळ वायफायचा आहे,' म्हणाला. हीच तपासणी मी शुक्रवारी पाच मिनिटांत करू शकलो असतो. वायरवर पूर्ण स्पीड मिळतो आणि हवेतून मिळत नाही, तर दोष राउटरच्या जागेचा नाहीतर राउटरचा. वायरवरही मिळत नसेल तर लाइनीचा, आणि ते काम कंपनीचंच.

मग त्याने राउटरची जागा नीट बघितली. रंगवाल्याने जुना राउटर हलवून मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता, आणि नवाही तिथेच बसला होता! आमचं खालचं घर पांढऱ्या मातीचं, भिंती दीड-दोन फुटी. उन्हाळ्यात गार राहतं खरं, पण अशा दोन भिंती आणि एक कपाट ओलांडून वायफायमध्ये काय उरणार?

पुढचं त्याने विचारलं ते लागलं. 'काका, पूर्वी फोनच्या वायफाय यादीत आपली दोन नावं दिसायची ना?' खरंच. आमचा राउटर दोन बँडचा, म्हणजे दोन वेगळ्या लहरींवर वायफाय देणारा होता. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण धिमा, शिवाय गल्लीतल्या प्रत्येकाचा त्यावरच, त्यामुळे गर्दी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. आता यादीत एकच नाव होतं. 'नवा' म्हणून बसवलेला एका बँडचा जुना राउटर होता. बाहेरून पुसून चकाचक, पण खालचं स्टिकर अर्धं खरवडलेलं. आमचा चांगला राउटर तो सॅकमध्ये घालून घेऊन गेला, आणि वर २,२०० मी दिले. बूस्टर स्क्रू ड्रायव्हरने उघडला, तर आत दोन दिवे नि बोटभर पट्टी. बाहेरचे दोन अँटेना आतून पोकळ, एक तार जोडलेली नाही.

मंगळवारी कंपनीचा खरा माणूस आला. त्याने सिरियल नंबर जुळवला आणि विचारलं, आमचा राउटर कुठे आहे? तो कंपनीच्या मालकीचा, डिपॉझिटवर दिलेला. १,५०० डिपॉझिट गेलं. म्हणजे एकूण ४,५००. सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही तक्रार नोंदवली, पण दोन्हीकडे आधी माझ्याकडे काय कागद आहे तेच विचारलं. कागद नव्हता. यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट तेवढे जोडले. आईने दोन शब्दांत निकाल लावला, 'पैसा ग्यात ते ग्यात, आते जेवाले बस.'

नवा राउटर आता मधल्या खोलीत, दाराच्या वर, उघड्यावर आहे. त्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो मी फोनमध्ये आणि पुतण्याकडेही ठेवलाय. कोणी दुरुस्तीला आला तर आधी कंपनीच्या अॅपमधला तक्रार क्रमांक त्याच्या तोंडून ऐकतो, आणि स्पीड टेस्ट माझ्याच फोनवर, मोबाइल डेटा बंद करून.

त्या माणसाचा फोन लागत नाही. पण परवा त्याच नंबरचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो बदललेला दिसला. आता 'आरओ फिल्टर, घरपोच सर्व्हिस' लिहिलंय.