सागरी संशोधनाच्या शिष्यवृत्तीच्या नावाखाली ५२,६५० रुपये लुबाडले

सागरी आणि पर्यावरण विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारा निधी असल्याचे भासवून एका टोळीने माझ्याकडून ५२,६५० रुपये उकळले. त्यातला मोठा भाग वडिलांनी पतपेढीतून उचललेल्या कर्जाचा होता.

हा हावरटपणा होता असे कोणी समजू नये. निवडपत्रात मालवणच्या प्रवाळांवरील माझ्या प्रकल्पाचे शीर्षक शब्दशः होते. ते एखाद्या परिषदेच्या सारांशपुस्तिकेतून उचलले असावे. व्हिडिओ मुलाखतीत, क्लोरोफिलसाठी गाळलेला नमुना अंधारात का ठेवायचा, पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी क्षारता कशी बदलते, असे विषयातले नेमके प्रश्न विचारले गेले. होडीचे भाडे आणि रसायनांचा खर्च पदरमोड करून भागवणाऱ्या विद्यार्थिनीने, इतके जाणून असलेल्या माणसाने २,४०,००० रुपये मंजूर झाल्याचे सांगितल्यावर, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

आधी नोंदणीचे २,५०० रुपये, मग क्षेत्रकार्याच्या विम्यासाठी 'परत मिळणारी' अनामत १८,४००, आणि शेवटी शिष्यवृत्तीवरचा आगाऊ आयकर म्हणून ३१,७५०. पाल चुकचुकायला हवी होती ती इथे. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती आयकर कायद्यानुसार करमुक्त असते. आणि कर असताच, तरी तो देणाऱ्याने रकमेतून कापून घेतला असता. त्याहून जिव्हारी लागते ते हे, की क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर निधीचे नव्हे, तर एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचे नाव आले होते. मी त्याबद्दल विचारलेही. 'ते आमच्या लेखापालांचे खाते आहे. सहाच्या आत रक्कम जमा झाली नाही तर जागा प्रतीक्षा यादीत जाईल,' असे उत्तर आले, तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. पैसे घेणाऱ्याचे नाव जुळत नसेल तर तिथल्या तिथे थांबा, समोरचा कितीही अदबीने बोलत असो. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जासाठी शुल्क लागत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

यापुढचा मनस्ताप सरकारी आहे. १९३० या हेल्पलाइनवर त्याच रात्री तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. पोलीस ठाण्याने सायबर विभागाकडे पाठवले. सायबर विभागाने बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा मागितला. बँकेने, व्यवहार तुम्ही स्वतःच्या पिनने केला असल्याने तो अनधिकृत ठरत नाही, असे सांगून हात झटकले आणि शिक्क्यासाठीही ताटकळत ठेवले. एका अधिकाऱ्याने तर, 'एवढे शिकूनही?' असे भर कार्यालयात विचारले. गुन्हेगाराचा खातेक्रमांक, त्याचा आवाज, मुलाखतीचे रेकॉर्डिंग हे सारे मी सोबत नेले होते. ते पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. त्या खात्यात ६,२०० रुपये गोठवले गेले आहेत, पण ते सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाची फी त्याहून जास्त होते!

असे पत्र आले तर पैसे भरण्याआधी ते तुमच्या मार्गदर्शकांना दाखवा. पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी रात्र घालवू नका, लगेच १९३० लावा, कारण रक्कम काही तासांत पुढच्या खात्यांत वळवली जाते. त्या बनावट निधीचे संकेतस्थळ मी तक्रारीत नोंदवले आहे. ते अजूनही सुरू आहे आणि नव्या तुकडीचे अर्ज मागवत आहे.