किक पॅडच्या दुरुस्तीत ६,२०० रुपये गेले; सोलापुरातल्या वादकांनो, पॅड दुकानात देण्याआधी हे वाचा

तुळशीची लग्नं लागली आणि आमचे हळदीचे, रिसेप्शनचे कार्यक्रम सुरू झाले. नेमका तेव्हाच माझ्या इलेक्ट्रॉनिक ड्रमचा किक पॅड, म्हणजे पायाने पेडल मारून वाजवायचा मोठ्या ड्रमचा पॅड, बिघडला. दहा वेळा पाय मारला तर सातदा वाजायचा, मधेच एका ठोक्याला दोन आवाज द्यायचा. ऑर्केस्ट्रात किक चुकली की बास गिटारवाला वळून बघतो, गायक बघतो, आणि नाचणाऱ्यांचा पाय अडखळतो. मी जुळे सोलापुरात राहतो. घरी मुलांना शिकवतोही. वरच्या मजल्यावरच्या ताई नर्स आहेत, रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून घरात खरा ड्रमसेट ठेवता येत नाही. हेडफोन लावून वाजवता येणारा हा सेट मी तीन वर्षं पैसे साठवून घेतला होता. माझी रोजीरोटी त्याच्यावर चालते.

ओळखीतल्या एका कीबोर्डवाल्याने नवी पेठेतलं एक दुकान सांगितलं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, पण काय झालं ते सगळं लिहितो.

दुकानदाराने पॅड हातात घेतला, अंगठ्याने दोनदा दाबला आणि म्हणाला, "मोड्यूलचा बोर्ड गेलाय बघा. मोड्यूलपण आणा." मोड्यूल म्हणजे सगळे पॅड ज्याला जोडतात तो आवाज काढणारा डबा. पॅड उघडला नाही, मीटर लावला नाही. मी दुसऱ्या दिवशी मोड्यूल नेऊन दिलं. तपासणीचे ५०० रोख घेतले. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर मेसेज आला: सेन्सरपण गेलाय, इंपोर्टेड आहे, दिल्लीहून मागवावा लागतो, ३,५०० ॲडव्हान्स टाका. मी यूपीआयने टाकले. पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर गेले. तिथेच थांबायला हवं होतं, पण पुढच्या रविवारी अक्कलकोट रोडला कार्यक्रम ठरलेला होता आणि माझ्या डोक्यात फक्त तो होता.

रविवार गेला, त्यानंतरचा आठवडाही गेला. दर वेळी तेच उत्तर, "होतंय की मालक, टेन्शन कशाला घेता, पार्सल पुण्यात अडकलंय." मी एका मित्राचा पॅड उसना घेऊन दोन कार्यक्रम केले. बावीस दिवसांनी बोलावणं आलं, तेव्हा आणखी २,२०० मागितले, 'बोर्ड प्रोग्रामिंग'चे. तेही दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर जीएसटी लागतो, कशाला फुकट पैसे घालवता? मी आहे की इथंच."

दुकानात त्याने मला तो वाजवून कसा दाखवला, ते नीट वाचा, कारण फसवणूक तिथेच झाली. पॅड टेबलावर आडवा ठेवला, पेडल लावलंच नाही, आणि बोटाने हलकी टिचकी मारली. हेडफोनमध्ये किकचा दणदणीत आवाज आला. किती छान वाजतोय म्हणून मी खूश झालो. खरं तर बोटाच्या टिचकीला एवढा मोठा आवाज यायलाच नको. त्याने मोड्यूलमधली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे धक्क्याला आवाज किती मोठा द्यायचा ते सेटिंग, शेवटच्या आकड्याला नेली होती आणि थ्रेशोल्ड शून्यावर आणला होता. थ्रेशोल्ड म्हणजे किती जोराचा धक्का आला तर त्याला ठोका मानायचं, त्याची खालची हद्द. ती शून्यावर आली की अर्धमेला पॅडही दुकानात जिवंत वाटतो. त्याचं 'बोर्ड प्रोग्रामिंग' ते एवढंच.

घरी सेट जोडला तेव्हा सिंबलवर काठी मारली तरी किक वाजू लागली. फ्रेमचं कंपन नळीतून किकपर्यंत जात होतं आणि शून्य थ्रेशोल्डमुळे मोड्यूल ते ठोका समजत होतं. मी थ्रेशोल्ड वर नेला तर किक पुन्हा मिस व्हायला लागली. चौथ्या दिवशी एका हळदीत, भर गाण्यात, ती पूर्ण बंद पडली. उरलेला कार्यक्रम मी फ्लोअर टॉमवर, म्हणजे काठीने वाजवायच्या दुसऱ्या एका पॅडवर, किकचा आवाज लावून हाताने वाजवून काढला. नवरदेवाच्या वडिलांनी ठरलेले पैसे दिले, पण पुढचं बोलावणं आलं नाही.

माझा पुतण्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करतोय. तो म्हणाला, "काका, उघडून तर बघू." मागचे सहा स्क्रू काढले. आत जे दिसलं त्याचे फोटो आम्ही जागेवरच काढले.

किक पॅडच्या आत फार काही नसतं. रबरी तोंड, त्याखाली फोम, आणि फोमला चिकटलेली रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी पितळी चकती. तिच्या मधोमध पांढरट सिरॅमिकचा थर. हाच पिझो सेन्सर. दाब पडला की असा पदार्थ विजेचा झटका देतो. हा गुणधर्म पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला, आणि स्वयंपाकघरातला चट्‌कन ठिणगी पाडणारा गॅस लायटरही त्यावरच चालतो. पेडलचा बीटर, म्हणजे पुढची हातोडी, आपटला की चकती दबते, वीज निघते, आणि ती किती जोराची आहे ते मोजून मोड्यूल आवाज लहान-मोठा करतं.

आमच्या त्या 'दिल्लीहून आलेल्या' चकतीच्या पितळेवर हिरवा कळंक चढलेला होता. कळंक बावीस दिवसांत असा चढत नाही. चकती जुनीच होती. सिरॅमिकवरच्या लाल वायरचं सोल्डर निघालेलं होतं, आणि वायर परत जोडण्याऐवजी तिचं उघडं टोक चकतीवर टेकवून वरून सेलोटेप मारला होता. म्हणून ती कधी लागायची, कधी सुटायची. बीटरच्या जागी फोम दबून पापडासारखा झाला होता, आणि तो बदलण्याऐवजी खाली रबरी चपलेच्या तळव्याचा एक तुकडा कोंबला होता. चपलेचं रबर कडक. बीटर आपटल्यावर धक्का जिरत नाही, परत उसळतो, आणि मोड्यूलला दोन ठोके दिसतात. माझी मूळ तक्रार डबल वाजण्याची होती, ती त्याने पैसे घेऊन वाढवून दिली.

बोर्ड गेलाच नव्हता, हे मला घरबसल्या दहा मिनिटांत कळलं असतं. किकच्या पॅडमधली केबलची पिन काढायची आणि टॉमच्या पॅडला लावायची. मग टॉमवर काठी मारली की किकचा आवाज आला पाहिजे. दर ठोक्याला नीट आला, तर केबल चांगली, मोड्यूल चांगलं, दोष पॅडमध्येच. तिथेही आवाज तुटत असेल, तर आधी दुसरी केबल लावून बघायची. पॅडचा दोष नक्की करायला मल्टिमीटर पुरतो. एसी व्होल्टच्या लहान रेंजवर ठेवून पॅडच्या जॅकला टोकं लावा आणि वर बुक्की मारा. काटा किंवा आकडा उडाला तर सेन्सर जिवंत आहे. काहीच हललं नाही, तर वायर तुटलीय किंवा चकती फुटलीय. हे बघितल्याशिवाय कुणी बोर्ड गेला म्हणत असेल, तर पॅड उचलून घरी आणा. पॅड उघडून मगच द्या, आणि देण्याआधी आतला फोटो काढून ठेवा. चकतीवर मार्करने एक खूण करा. जुना पार्ट परत हवा, हे आधीच सांगा.

दुरुस्ती आम्हीच केली. ३५ मिलिमीटरच्या दोन चकत्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चाळीस रुपयांना मिळाल्या. दोन घेतल्या ते बरं झालं. सिरॅमिकवर चांदीचा पातळ मुलामा असतो, सोल्डरगन जास्त वेळ टेकली की तो निघून येतो, आणि पहिली चकती तशीच गेली. दुसऱ्या वेळी पुतण्याने वायरला आधी सोल्डर चढवून घेतलं आणि दोन सेकंदांत काम उरकलं. पितळेवरची वायर आणि मधल्या सिरॅमिकवरची वायर जुन्या जोडणीप्रमाणेच लावली. जोडावर हॉट ग्लूचा एक थेंब टाकला, म्हणजे हादऱ्याने वायर सुटणार नाही. फोम किती जाड घ्यायचा ते जुन्या फोमच्या कडेवरून कळलं. कडेला बीटर लागत नाही, तिथे तो १० मिलिमीटर होता, मधे जेमतेम ४. सोफ्याच्या फोमवाल्याकडून तेवढाच, जरा घट्ट तुकडा आणला, पन्नास रुपयांत. सगळा खर्च दोनशेच्या आत आला.

बसवल्यावर सेटिंग मुळापासून केलं. आधी सेन्सिटिव्हिटी, पेडलने पूर्ण जोर लावला की आवाज शिगेला पोहोचेल इतकीच. मग थ्रेशोल्ड, शेजारच्या टॉमवर मारल्यावर किक वाजायची थांबेपर्यंत वर. तरीही एखादा डबल राहिला तर रीट्रिगर कॅन्सल, म्हणजे लगेच येणारा दुसरा ठोका गाळायचं सेटिंग, एकेक आकड्याने वाढवायचं, जास्त नेलं तर जलद ठोके गिळले जातात. हे सगळं पायाने, पेडल लावूनच करायचं. दुरुस्तीवाल्यासमोरही तसंच.

पुतण्याला घेऊन मी दुकानात गेलो. चपलेचा तुकडा काउंटरवर ठेवला. दुकानदार म्हणाला, "माझ्याकडून गेला तेव्हा चालू होता, तुम्ही बघून घेतलात. बिल आहे का?" आजूबाजूला गिऱ्हाईक होतं, त्यांच्यासमोर माझा आवाज चढला, त्याचाही चढला. एक रुपया परत मिळाला नाही.

मग मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. तिथून एक गोष्ट समजली आणि नंतर मी ती कायद्यातही वाचली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे बिल नाही म्हणून आपला दावा संपत नाही. माझ्याकडे ३,५०० च्या यूपीआयची नोंद आहे, आणि 'सेन्सर इंपोर्टेड' असं त्याने स्वतः लिहिलेला मेसेज आहे. असे मेसेज डिलीट करू नका. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. दुकानदाराला मी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आहे, पंधरा दिवसांची मुदत दिली आहे.

संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरला होता, त्या आठवड्यात माझे तीन कार्यक्रम झाले. किक एकदाही चुकली नाही. कळंक चढलेली चकती, सुटलेली लाल वायर सेलोटेपसकट आणि चपलेचा तो तुकडा मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. वर तारीख लिहिली आहे. मुदत संपली की पिशवी घेऊन आयोगात जाणार आहे.