गळणारी छागल आणि ३७ अंशांतली जेजुरी

"ओ ताई, पाणी गळतंय!"

हडपसरच्या गाडीतळापासून जेजुरीपर्यंत हे मला अकरा जणांनी ऐकवलं. मोजले, कारण एकटीने सायकल मारताना दुसरं मोजायला काही नसतं. त्यात दोन टेम्पोवाले, एक दूधवाला, दिवे घाटात मला मागे टाकून गेलेली चकचकीत जर्सीतली पाच पोरं (त्यांचा मिळून एकच धरलाय), आणि सासवडच्या अलीकडे एक आजी, ज्यांनी बोलण्यात वेळ न घालवता थेट बूच पिळायला घेतलं. पाणी गळत होतं हे खरं. पण ती छागल होती, आणि छागल गळायलाच असते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड कापडाची चपटी पिशवी, वरच्या कोपऱ्यात तोटी, तोटीला बूच, टांगायला दोरी. पूर्वी ट्रकच्या आणि जीपच्या पुढच्या बाजूला लोंबकळत असायची. मी ती रविवार पेठेत बोहरी आळीत, दोरखंड आणि ताडपत्र्या विकणाऱ्या एका दुकानातून ३४० रुपयांना घेतली. दोन लिटरची. सायकलला लावायची आहे म्हटल्यावर दुकानदार म्हणाले, "मग कशाला घेता? चांगली बाटली घ्या." विकणाराच घेऊ नका म्हणाला, म्हणजे वस्तू चांगली असणार. पुण्यात वाढलेल्या माणसाला एवढं कळतं. निघताना त्यांनी एक सूचना दिली, "फक्त साधं पाणी भरायचं. सरबत-बिरबत नाही." ती मी पाळली. सरबताने कापडाची भोकं बुजतात, आणि मुंग्यांना आमंत्रण जातं ते वेगळं.

घरी आणल्यावर लगेच वापरू नका. पहिल्या दिवशी माझी छागल चाळणीसारखी वाहिली आणि मी दुकानदारांना मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं. रात्रभर बादलीत बुडवून ठेवली की धागे फुगतात, वीण घट्ट होते आणि धार थांबून नुसतं पाझरणं उरतं. पहिली तीन पाणी ओतून द्या, त्यांना ओल्या गोणपाटाची चव असते. चौथ्यालाही थोडी होती, पण मी प्यायले.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पेपर तपासून संपले होते, एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, त्यामुळे स्वयंपाकघरातला थर्मामीटर बरोबर घेतला. घरच्यांना सायकलवर एकटी जाण्यापेक्षा थर्मामीटर नेण्याचीच जास्त काळजी वाटली.

सकाळी सहाला भरलं तेव्हा पाणी २८ अंश होतं. वडकीला, घाटाच्या पायथ्याशी, २४. इथवर रस्ता सपाट, वारा अंगावर येणारा, पिशवी खूश. हे माठाचंच तत्त्व आहे. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता उचलून नेतं, आणि ती उचलतं बहुतेक आतल्या पाण्यातून. फरक इतकाच की माठ हँडलला टांगता येत नाही. आता पिशवीही टांगता येते की नाही, याबद्दल घाटात मला शंका आली. दर पॅडलला ती डावीकडून उजवीकडे झुलते आणि प्रत्येक झोक्याला गुडघ्यावर एक ओली चापट. दोन वळणं सहन केली. मग थांबून तिला मागच्या कॅरिअरला बांधलं, तर पाणी थेट चेनवर. आदल्या रात्री केलेलं ऑइलिंग मस्तानी तलाव नजरेआड व्हायच्या आत धुऊन निघालं. शेवटी कॅरिअरच्या डाव्या बाजूला, चेनपासून लांब, सुतळीने आवळून बांधली. तीच बरोबर जागा. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आषाढीच्या वारीत माउलींचा रथ हा घाट जादा बैलजोड्या लावून चढतो. मला जोडी नव्हती, वर दोन लिटर पाण्याचं ओझं. पण घाटमाथ्यावर बूच काढून पहिला घोट घेतला आणि तिथल्या तिथे ३४० रुपये वसूल झाले. फ्रिजच्या पाण्यासारखं दाताला झोंबणारं नाही. घशाला कळेल इतकंच थंड.

सासवडला मिसळ खाल्ली. तिच्याबद्दल काही लिहीत नाही, भुकेल्या माणसाचं मत धरू नये. रस्त्याकडेला अंजिरांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या, पावशेर घेतले आणि पुढच्या पाच किलोमीटरात संपवले. चिकट हात धुवायलाही छागलच.

साडेदहाला जेजुरी. सावलीत हवा ३७ अंश. फ्रेमला लावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं इलेक्ट्रॉल ३६, म्हणजे साखर होतीच, चहापत्ती तेवढी राहिली होती. छागल २४. स्टीलची बाटली अजून बर्फगार, पण तिच्यात दोन घोट उरलेले. हा हिशोब नीट समजून घ्या. स्टीलची बाटली थंडाव्यात छागलीला सहज हरवते, पण ती जे घरून आणलं तेच जपते. वाटेत हॉटेलातल्या पिंपातलं कोमट पाणी भरलं तर ते ती दिवसभर इमानदारीने कोमट ठेवते. छागलीत तेच पाणी तासाभरात पिण्याजोगं होतं. मात्र ती आपला वाटा आधी घेते. जेजुरीपर्यंत तिने स्वतःच चारशे मिलीच्या आसपास पाणी संपवलं होतं. दोन लिटरची घेतली म्हणजे दोन लिटर प्यायला मिळणार, असं धरून निघालात तर फसाल.

आणखी एक. हे सगळं देशावरच्या कोरड्या उन्हात. गेल्या मे महिन्यात असलीच एक उसनी छागल दापोलीला मावसबहिणीच्या पडवीत टांगली होती. ती संध्याकाळपर्यंत नुसती ठिबकली. हवेतच इतकं पाणी असल्यावर कापडातलं पाणी उडून जाणार कुठे? कोकणवाल्यांनी पैसे वाचवावेत.

जेजुरीत खालीच थांबायचा विचार होता, पण पायथ्यापर्यंत येऊन न चढणं बरं दिसेना. पायऱ्या तापायला लागल्या होत्या आणि चपला खाली ठेवल्या होत्या, त्यामुळे खंडोबाचं दर्शन मी आयुष्यातल्या सर्वांत कमी वेळात घेतलं. छागल खांद्याला होती. वर कुणीतरी "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत भंडारा उधळला आणि मूठभर हळद ओल्या कापडावर बसली. ओल्या कापडावर हळद! क्षणात पिवळी धमक. उतरताना बाराव्या माणसाने टोकलं, "ताई, तुमची पिशवी गळतीये." यात पिवळ्या रंगाबद्दल काही नव्हतं.

बारा ते चार सायकल चालवायची नाही, हा माझा नियम. सासवडला पोचेपर्यंत त्याला तासभर उशीर झाला होता, तेव्हा दिसली त्या पहिल्या रसवंतीत शिरले. घुंगरांचा आवाज, वर चटया टाकलेलं छप्पर, आलं-लिंबू घातलेला बिनबर्फाचा रस. पुण्यात जागोजागी दिसणाऱ्या कानिफनाथ आणि नवनाथ नावाच्या रसवंत्या बऱ्याचशा याच पुरंदर तालुक्यातल्या माणसांच्या, आणि कानिफनाथांचं ठाणं बोपगावच्या डोंगरावर, माझ्या परतीच्या वाटेला. मालकांनी पिशवी पाहिली, पण गळतंय असं म्हणाले नाहीत. उठले, ती कॅरिअरवरून सोडून छपराच्या वाशाला वाऱ्याच्या तोंडाशी टांगली आणि परत चरकाकडे गेले. तीन ग्लास रस आणि बाकड्यावर एक झोप झाली. चारला पाणी मोजलं तर २२. दिवसातलं सर्वांत थंड पाणी उभ्या सायकलीला मिळालं.

बोपदेव घाट कोंढव्याच्या बाजूला उतरताना पिशवी अर्धी रिकामी होती आणि चापट्याही मारत नव्हती. घरी सात वाजले. साधारण ९० किलोमीटर.

तक्रारी राहिल्या. बूच प्लॅस्टिकचं आणि हलक्या प्रतीचं, आट्या आठवड्यात झिजल्या. शिलाईचा एक टाका तोटीपाशी सुटला होता, तो घरी मेणदोऱ्याने घालून घेतला. आणि वापर झाल्यावर उलटी टांगून कडकडीत वाळवली नाही तर बुरशी धरते, याबाबत तिला दयामाया नाही. पाचपैकी साडेतीन. बूच बदललं तर चार.

हळदीचा डाग मात्र तिच्या खात्यात नको. तो काढायला मी साबण लावला आणि पिवळी छागल डोळ्यांदेखत लाल झाली. हळद आम्लारी पदार्थाला लागली की लाल होते, हे मी दरवर्षी शिकवते. सासूबाईंनी लाल पिशवी पाहिली आणि हातात घेतली. "अगं, ही तर छागल! आमच्या दादाच्या ट्रकला असायची. अशी कुंकवात का बुडवलीस?" आता ती गॅलरीच्या गजाला लटकते, तिच्यातलं पाणी त्या एकट्या पितात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रोज वर येऊन सांगतात की तुमच्याकडे काहीतरी गळतंय.