देवमाशांचा संच: प्रतिकृती उत्तम, वंशवृक्ष सदोष

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेल्या व्हेलच्या पिल्लाची बातमी ऐकल्यापासून माझ्या भाचीच्या प्रश्नांना खंड नव्हता. म्हणून तिच्यासाठी महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून मोठ्या देवमाशांच्या पाच रबरी प्रतिकृतींचा संच ८५० रुपयांना घेतला.

घडवणाऱ्याने अभ्यास केला आहे, हे स्पर्म व्हेल हातात घेताच कळते. श्वासाचे छिद्र एकच असून ते डोक्याच्या पुढच्या टोकाशी डावीकडे आहे आणि दात खालच्या जबड्यातच दिसतात. निळ्या देवमाशाला मात्र दोन छिद्रे आणि दातांच्या जागी वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या बलीनच्या, म्हणजे पाण्यातून अन्न गाळून घेणाऱ्या, पट्ट्या आहेत. फिन व्हेलचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा व डावीकडे काळसर असतो. हा बारकावाही रंगाऱ्याने सोडलेला नाही. हंपबॅक आणि बोहेडही ठीक आहेत.

खरी निराशा केली ती सोबतच्या पत्रकाने. त्यातील वंशवृक्षात स्पर्म व्हेल निळ्या देवमाशाशेजारी आणि डॉल्फिन दूरच्या फांदीवर आहे, म्हणजे नाते आकारावरून ठरवले आहे. वस्तुतः दातवाले आणि बलीनवाले असे दोन वंश सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यामुळे प्रचंड देहाचा स्पर्म व्हेल निळ्या देवमाशापेक्षा डॉल्फिनला जवळचा आहे. लांब परांमुळे हंपबॅकलाही वेगळी फांदी दिली आहे. जनुकीय अभ्यासानुसार मात्र फिन व्हेल दिसायला निळ्या देवमाशासारखा असला, तरी त्याचे अधिक जवळचे नाते हंपबॅकशीच आहे. पाणघोडा हा व्हेलचा जमिनीवरचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक, हे पत्रकात बरोबर आहे. पण सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या, व्हेलच्या पूर्वजांशी जवळचे नाते असलेल्या इंडोहायस या छोट्या खुरवाल्या प्राण्याचे जीवाश्म आपल्या काश्मीरमध्ये मिळाले असताना मराठी पत्रकात त्याचा उल्लेख नसावा, याचे वाईट वाटले.

दुसरा दोष मापाचा. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो, स्पर्म व्हेलचा नर साधारण १६ मीटर. इथे मात्र पाचही प्रतिकृती वीतभरच आहेत.

तरीही आठ वर्षांवरील मुलांसाठी हा संच जरूर घ्यावा. मात्र पत्रक मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी स्पर्म व्हेलची रेघ पेन्सिलीने डॉल्फिनच्या फांदीकडे वळवावी. आम्ही तसेच केले.