६०० वॉटचा सोडियम काढून एलईडी पट्ट्या लावल्या: पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

ग्रो लाइटचे (घरात झाडं वाढवायच्या दिव्यांचे) बहुतेक अभिप्राय खोकं उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले असतात. वजनदार आहे, डोळे दिपतात, पाच तारे. पुढे झाडांचं काय झालं ते कुणी सांगत नाही. म्हणून बी पेरण्यापासून मिरच्यांचा शेवटचा तोडा होईपर्यंत थांबले आणि आता लिहायला बसलेय.

जागा चार बाय चार फुटांची, म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर. आधी तिथे ६०० वॉटचा हाय प्रेशर सोडियम दिवा होता, आता सहा पट्ट्यांचा ४८० वॉटचा एलईडी टांगलाय. खाली मुख्यतः मिरची, दोन-तीन टोमॅटो आणि कडेच्या कुंड्यांत बेसिल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच घडणीचे दिवे कितीतरी नावांनी विकले जातात आणि खाली लिहिलेलं त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

निवडताना वॉटचा आकडा मी सगळ्यात शेवटी पाहिला. खोक्यावर ‘१००० वॉट’ ठळक छापलेलं असतं आणि प्लगला मीटर लावला की तोच दिवा १०० वॉट खेचताना दिसतो. ‘अमुक वॉटच्या बरोबरीचा’ या शब्दांना काहीही अर्थ नाही. ल्युमेनही बाजूला ठेवा. ल्युमेन मोजलं जातं माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा उजेड सर्वात प्रखर वाटतो. पान मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश कमी-अधिक वापरतं. त्यामुळे पाहायचे आकडे दोन: दिवा दर सेकंदाला किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, बाहेर टाकतो (पीपीएफ, मायक्रोमोल या एककात), आणि खाल्लेल्या प्रत्येक ज्यूल विजेमागे किती. जुन्या घडणीचे ६०० वॉटचे सोडियम दीडच्या आसपास घुटमळतात, चांगले डबल-एंडेड (दोन्ही टोकांना जोडणी असलेले) १.७ पर्यंत जातात. आजचा बरा एलईडी २.५ च्या वर असतो. माझ्या दिव्यावर २.७ लिहिलंय, म्हणजे ४८० वॉटला साधारण १३०० मायक्रोमोल. विक्रेता हे आकडे देत नसेल, तर तो दिवा माझ्या यादीतून तिथेच बाद.

रंगाच्या वादात मी फार पडले नाही. जांभळे दिवे (नुसत्या लाल-निळ्या एलईडींचे) आता मागे पडतायत आणि ते योग्यच आहे. हिरवा प्रकाश झाडाला लागतच नाही ही समजूत १९७२ मध्ये मॅक्री यांनी वेगवेगळ्या पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांनीच खोटी ठरवली होती, तरी ती अजून जाहिरातींत तग धरून आहे. पांढऱ्या एलईडी आणि जोडीला ६६० नॅनोमीटरच्या थोड्या लाल, एवढं पुरतं. पांढऱ्या उजेडाचा मोठा फायदा रोजचा आहे: पान पिवळं पडतंय का, खाली कीड लागलीय का, हे दिसतं. सोडियमच्या नारिंगी उजेडात सगळी बागच आजारी वाटायची आणि खरोखरच आजारी पडलेलं रोप त्यात लपून जायचं.

आता खरा विषय, दिवा टांगायचा कुठे. माझं मत विचाराल तर दिव्याच्या किमतीपेक्षा त्याच्या उंचीने जास्त फरक पडतो. पाहुण्या मीटरवर (मैत्रिणीकडून आणलेला, पानावर पडणारे फोटॉन मोजणारा क्वांटम मीटर, विकत घेण्याची ऐपत नाही) मी दोन्ही दिव्यांखाली सारखीच मापं घेतली. शेंड्यांच्या पातळीवर दोऱ्या आडव्या-उभ्या ताणून चौकोन केले आणि प्रत्येक चौकोनात मीटर धरला. सोडियमखाली मधोमध दर चौरस मीटरला सेकंदाला हजार मायक्रोमोलच्या आसपास, कोपऱ्यात अडीचशे. एलईडी पट्ट्या ४५ सेंटिमीटरवर ठेवल्या तेव्हा मध्यभागी नऊशे आणि कोपऱ्यात साडेपाचशे. मधला आकडा कमी झाला, पण कोपऱ्यातली मिरची, जी आधी नुसतीच उंच वाढून लेचीपेची व्हायची, ती मधल्या झाडाच्या बरोबरीने फुलली. सोडियमच्या काळात कुंड्या दर आठवड्याला फिरवाव्या लागायच्या. ते काम संपलं.

‘अंतर दुप्पट, प्रकाश चौथाई’ हा नियम सगळीकडे पाठ करून घेतात. तो एका बिंदूतून येणाऱ्या प्रकाशाला लागू आहे. चार फूट रुंद पट्ट्यांचा दिवा पानांपासून हातभर अंतरावर असेल तर तो बिंदू नाही. ३० वरून ४५ सेंटिमीटरवर नेला तेव्हा नियमाप्रमाणे निम्म्याहून कमी व्हायला हवं होतं. मीटरवर साडेदहाशेचे नऊशे झाले. उलट कोपऱ्यांतले आकडे जवळजवळ तसेच राहिले. वर नेल्यावर प्रकाश भिंतींवर पडू लागतो हे खरं, पण भिंत पांढरी असेल तर त्यातला बराचसा परत येतो. मॅट पांढरा रंग यासाठी उत्तम. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद लावू नका, त्याच्या सुरकुत्यांत उजेड नको तिकडे उडतो आणि आपल्याला वाटतं काहीतरी छान चकाकतंय.

मीटर नसेल तर फोनमधलं लक्स मोजणारं ॲप चालतं, अंदाजापुरतं. पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला साधारण ७० ने भागायचं, सोडियमखाली ८० ने. ३०,००० लक्स म्हणजे एलईडीखाली सव्वाचारशेच्या आसपास. जांभळ्या दिव्याखाली हा हिशेब पार कोलमडतो, तिथे करूच नका.

पण एका क्षणाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. दिवसभरात पानावर एकूण किती पडलं ते महत्त्वाचं, त्याला डीएलआय म्हणतात. मायक्रोमोलचा आकडा गुणिले तास गुणिले ३६००, भागिले दहा लाख. ५०० मायक्रोमोल १६ तास दिले तर २८.८ मोल. मिरची-टोमॅटोला २० ते ३० मोल मिळाले की ती खूश असतात. लेट्यूसला १२ ते १७ पुष्कळ झाले, त्यापुढे हवा नीट खेळती नसेल तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. रोपवाटिकेतल्या बाळरोपांना दीडशे-दोनशे मायक्रोमोल पुरतात. म्हणूनच मला डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) ही या दिव्याची सर्वात उपयोगी गोष्ट वाटते. सोडियमला रोपं लहान असताना छतापर्यंत नेऊन ठेवायचे आणि उजेड वाया जायचा. आता दिवा त्याच उंचीवर ठेवून ३० टक्क्यांवर चालवते, रोपं वाढली की आठवड्याला थोडं थोडं चढवते. वीजही तेवढीच कमी. पूर्ण ताकदीने १६ तास म्हणजे ७.७ युनिट, सोडियम बॅलास्टसकट (दिव्याचा करंट आवरणारा चोक) साडेदहा खायचा.

तास वाढवून ताकद भरून काढायचा मोह होतो. टोमॅटोच्या बाबतीत आवरा. चोवीस तास उजेड दिला की त्याची पानं पिवळी पडतात, त्याला काळोख लागतोच. आणि ताकद वाढवायचीही मर्यादा आहे: बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडत नसाल तर आठशे-नऊशेच्या पुढे दिलेल्या प्रकाशाचं फारसं काही हाती लागत नाही. माझा दिवा मी ७५ टक्क्यांच्या वर क्वचितच नेते.

उंची चुकली की झाड सांगतं, फक्त नीट पाहायला हवं. दोन पेरांमधलं अंतर लांबत चाललं, देठ बारीक झालं, तर उजेड कमी. उजेड जास्त झाला की मिरचीची वरची पानं कडांनी वर वळून पन्हाळीसारखी होतात, मग शिरांच्या मधला भाग फिकटतो आणि शेवटी शेंड्याकडची पानं पांढुरकी पडतात. हे पाहून लोक खत वाढवतात. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. उजेडाने आलेला फिकेपणा दिव्याच्या सर्वात जवळच्या पानावर असतो आणि त्याच फांदीवर सावलीत राहिलेलं पान हिरवंगार असतं. तेवढं एक पान उलटून बघितलं तरी खताचा डबा परत जागेवर जातो.

उष्णतेबद्दल जाहिराती अर्धसत्य सांगतात. ४८० वॉट शेवटी खोलीत ४८० वॉटचीच उष्णता सोडतात, दिवा कुठल्याही जातीचा असो. फरक आहे तो ती कशी पोहोचते यात. सोडियम दिवा बरीच उष्णता सरळ पानावर मारतो. शेंड्याच्या उंचीवर तळहात उलटा धरला की थोड्याच वेळात चटका जाणवायचा. एलईडीखाली तसं होत नाही, हवा त्याच तापमानाची असली तरी पान थंड राहतं. याचा परिणाम पाण्यावर होतो. झाडं पाणी कमी ओढतात आणि कुंड्या उशिरा वाळतात. जुन्या सवयीने पाणी देत राहिलात तर मुळं कुजतील. मी खोलीचं तापमान दोन अंशांनी चढं ठेवलं, तेव्हा वाढ पुन्हा वेग धरू लागली. पंखा मात्र हवाच, पानं हलकेच हलतील इतका.

तक्रारी. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) दिव्याच्या पाठीवरच बसवलेला आहे, तो तापतो. वायर पुरेशी लांब होती म्हणून मी तो काढून बाहेर भिंतीवर ठोकला. ते सोडवताना चार स्क्रूंपैकी एकाचे आटे आधीच गेलेले निघाले. टांगायला दिलेल्या तारा फालतू आहेत; रॅचेटच्या दोऱ्या घ्या, एका हाताने दोन-दोन सेंटिमीटर वरखाली करता येतं आणि दिवा तिरका होत नाही. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आणि टायमर. एलईडीचा ड्रायव्हर चालू होताना क्षणभर खूप मोठा करंट खेचतो, जो वॉटच्या आकड्यावरून कळत नाही. माझ्या साध्या चकतीच्या टायमरचे आतले पॉइंट चिकटून बसले आणि दिवा रात्रभर जळत राहिला. वरून चकती व्यवस्थित फिरत होती, त्यामुळे पाहून काही समजण्यासारखं नव्हतं. आता टायमर फक्त कॉन्टॅक्टरला (मोठा भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच) इशारा देतो आणि दिव्याचा भार कॉन्टॅक्टर घेतो.