बेळगावच्या अनगोळमधली आमची केबल: मराठी मालिका बघणाऱ्यांसाठी

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते आधी सांगते. दिवाळीच्या तोंडावर रिचार्ज केला आणि स्टार प्रवाह गायब. पॅक परस्पर बदलला होता, आम्हाला कुणी सांगितलं नाही. नव्या पॅकमध्ये कन्नड वाहिन्या भरपूर, मराठीत बातम्या आणि सिनेमे तेवढे. सासूबाई रात्रीची भाकरी लवकर आटपून टीव्हीसमोर बसल्या होत्या.

बाकी चार तारे मनापासून. फोन केला तर केबलवाला "उद्या बघतो" म्हणाला नाही. "अक्का, कुठली कुठली पायजेत, नावं सांगा" म्हणाला आणि मालिका संपायच्या आत दुकानातूनच वाहिनी चालू करून दिली. 2019 पासून ट्रायच्या, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानं वाहिन्या सुट्या निवडता येतात, पण आमच्याकडे तयार पॅक कन्नडचा, मराठी मागून घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर यादी लिहिली: झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी. आमच्या घरी न लागणारे सिनेमाचे दोन चॅनल काढून पैसे जवळपास तेवढेच ठेवले.

मी घरी फॉल-पिको करते. पिकोच्या मशीनचा आवाज फार, म्हणून पिको दिवसा उरकते आणि मालिका लागल्या की हातानं फॉल लावत बसते. साडी टाकायला येणाऱ्या बायकांशी निम्मं बोलणं मालिकांचंच. 'आई कुठे काय करते' डिसेंबर 2019 ते नोव्हेंबर 2024 अशी पाच वर्षं चालली. त्यातल्या नायिकेचं, अरुंधतीचं, आशुतोषशी दुसरं लग्न लावलं आणि पुढं त्याला अपघातात मारलं, तेव्हा नवऱ्यानं टाकलेली एक बाई साडी टाकता टाकता म्हणाली, "तिला सुखानं ऱ्हाऊ दिलं असतं तर काय जात होतं त्यांचं?" मालिकेची याहून नेमकी समीक्षा मी कुठं वाचली नाही.

ऑनलाइन मात्र अशा तक्रारींवर लोक तुटून पडतात. एवढं वाईट वाटतं तर बघता कशाला, म्हणतात. अहो, रोज बघतो म्हणूनच तर खटकतं! पहिल्या वर्षी मानानं उभी राहिलेली बाई चौथ्या वर्षी उगाच रडायला लागली, हे रोज बघणाऱ्यालाच कळणार. एकही भाग न बघता सगळ्या मालिकांना टुकार म्हणणाऱ्याला ते कसं दिसेल?

आमच्यासाठी तर गोष्ट आणखी पुढची आहे. मराठी वाहिन्यांचा टीआरपी धरतात तो महाराष्ट्र आणि गोव्याचा. बेळगाव, खानापूर, निपाणीत घराघरांत मराठी मालिका चालतात, पण त्या आकड्यात आम्ही नाही. टीव्ही बंद केला तरी वाहिनीला पत्ता लागायचा नाही. म्हणून मी लिहिते, माझ्याकडं येणाऱ्या बायकांनाही लिहायला सांगते. लेखकानं वाचलं तर वाचलं.

तोवर आमचं ऐकणारा माणूस म्हणजे हा केबलवालाच. पावसात लाईन जाते, पण माणूस येतो. कनेक्शन घेणार असाल तर पॅकचं नाव सांगू नका, हव्या त्या मराठी वाहिन्या कागदावर लिहून द्या, आणि प्रत्येक रिचार्जला ती यादी त्याच्याकडून ताडून घ्या.