सदर्न बिस्किट घरी करायचंय: बटर, चरबी की नुसतं क्रीम?

बिस्किट म्हटलं की आपल्याला चहात बुडवायचा पुडा आठवतो. अमेरिकेच्या दक्षिणेत, टेनेसी-जॉर्जियाकडे मात्र बिस्किट म्हणजे बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत असा छोटा गरम पाव. यीस्ट नाही, अंडं नाही. सकाळी तो मधोमध उघडायचा, आत लोणी आणि सॉर्घमची काकवी घालायची. सॉर्घम म्हणजे आपली ज्वारीच, तिच्या गोड ताटांचा रस आटवलेला! नाहीतर वरून सॉसेजची मिरीदार पांढरी ग्रेव्ही.

करायच्या तीन रीती आहेत, पण आधी पिठाचं बघा, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. दक्षिणेत पिकणारा हिवाळी लाल गहू मऊ, त्यात प्रथिनं कमी. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ साली सुरू झालेलं ‘व्हाइट लिली’ पीठ तिकडच्या घराघरात दिसतं ते याचसाठी. बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेलं ‘सेल्फ-रायझिंग’ घ्या. भारतात असाल तर कपभर मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घाला, शिवाय दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ.

बटरची रीत चवीला सगळ्यात सरस, आणि फसायलाही तीच सोपी. दोन कप पिठाला ८५ ग्रॅम थंडगार बटर, पाऊण कप बटरमिल्क. इथे आपलीच सवय आडवी येते. शंकरपाळ्यांचं मोहन कसं, मूठ वळेपर्यंत चोळतो आपण? माझा पहिला घाणा तसाच चोळला, वर कणकेसारखा मळला, आणि निघाल्या चकत्या. बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात दिसायलाच हवेत. बटरमध्ये साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि पदर सुटतात. गोळा मळायचा नाही, नुसता थापून तीन-चार घड्या घालायच्या. बटरमिल्क म्हणजे पातळ ताक समजू नका. आंबट घट्ट दही दुधात सैल केलं की जमतं.

चरबीची रीत जुनी, आज्यांच्या हातची. लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. १९११ साली क्रिस्को नावाचं वनस्पती तूप आल्यावर अनेक घरांत लार्डऐवजी ते. दोन्हींत पाणी नाही आणि उन्हाळ्याच्या स्वयंपाकघरातही ती बटरइतकी लवकर पाघळत नाहीत. बिस्किट बटरइतकं पदरांचं होत नाही, भुसभुशीत होतं. ग्रेव्हीखाली मला हेच आवडतं. डालडा चालतो, पण चव बटरमिल्कच्या आंबटपणावरच काढावी लागते.

क्रीमची रीत आळशी रविवारची. दोन कप सेल्फ-रायझिंग पीठ, सव्वा ते दीड कप हेवी क्रीम, बस. चोळणं नाही, कारण स्निग्धांश क्रीममध्येच आहे. भारतातल्या २५ टक्क्यांच्या पाकिटातल्या क्रीमवर मात्र बिस्किटं कोरडी पडतात. ३५च्या पुढचं व्हिपिंग क्रीम लागतं, तेही बिनसाखरेचं.

तर, पहिल्यांदाच करताय? क्रीम. पोळ्या लाटणं ज्यांच्या डाव्या हाताचा मळ आहे, त्यांनीही आधी हीच करावीत. पदर हवेत आणि दोन-तीन घाणे वाया गेले तरी हरकत नाही, तर बटर. घरात ओव्हनपेक्षा उकाडा जास्त असेल तर वनस्पती.

भट्टी तिन्हींना तीच, २३० अंश सेल्सिअस, बारा ते पंधरा मिनिटं. बिस्किटं कापताना साचा सरळ खाली दाबा, फिरवू नका, कडा चिकटून फुगायचं थांबतं. बिस्किटं एकमेकांना टेकवून ठेवा, म्हणजे बाजूला न पसरता वर चढतात. उरलेल्या तुकड्यांचं शेवटचं बिस्किट वेडंवाकडं आणि जरा चिवट होतं. ते ताटात वाढू नये, करणाऱ्याने ओट्याशी उभं राहून गरम असतानाच खावं.